अनुसयाकाकींच्या दारातला फुटका खड्डा

खड्डा बुजवला नाही म्हणून शिव्या खाणारे अभियंते गावोगाव सापडतील. स्वतः उभं राहून खड्डा पाडला, त्यात झाडं लावली आणि शेवटी 'ह्यात पाणी राहत नाही' म्हणून सहा गणपतींच्या साक्षीनं शिव्या खाल्ल्या, असा अभियंता महाड-पोलादपूर पट्ट्यात बहुधा मी एकटाच. माझ्या निरोपसमारंभात माझ्या कामांची यादी वाचली गेली. मोऱ्या झाल्या, साकव झाले, संरक्षक भिंती झाल्या, हा खड्डा काही आला नाही. तो कागदावर कधी नीट बसलाच नव्हता. म्हणून इथे लिहितो. भिंतींबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, त्या अजून उभ्या आहेत एवढंच.

माझं घर महाडला, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत. सावित्रीचं पाणी कुठल्या पायरीला लागलं की कुठली वस्तू माळ्यावर न्यायची, हे आमच्याकडे शाळेच्या आधी शिकवतात. असा माणूस अभियंता झाला की त्याच्या डोक्यात एकच गोष्ट असते, पाणी काढून द्यायचं. मीही नोकरीभर तेच केलं. रस्त्याला उतार द्यायचा, कडेला गटार काढायचं आणि पाणी पुढे लावून द्यायचं. पुढे म्हणजे कुठे, हे आमच्या अंदाजपत्रकात नसतं. अंदाजपत्रक गावच्या शेवटच्या विजेच्या खांबाशी संपतं.

पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या अंगाला बोरकोंड नावाची वाडी आहे. तिथे मी काँक्रीटचा रस्ता केला होता. गुळगुळीत, सरळ, दृष्ट लागण्यासारखा. दोन वर्षांनी एका भिंतीची मापं घ्यायला तिकडे गेलो होतो, तर शेवटच्या खांबाच्याही पलीकडच्या घरातून हाक आली.

"ए सायबा! ह्यो रस्ता तूच केलास ना रे?"

ओटीवर सत्तरीची एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. नऊवारी लुगडं, डोळ्यांना जाड भिंगं. ह्याच अनुसयाकाकी. मला वाटलं, कौतुक होणार. शर्ट सारखा करून मी पुढे गेलो.

"हो काकी, मीच. चांगला झालाय ना?"

"झ्याक झालाय. पाणी कसं धावत येतं माझ्या घरात. आधी बिचारं चिखलात अडखळत यायचं."

मी हसलो. काकी हसल्या नाहीत. त्यांनी मला आत नेलं. मातीच्या भिंतीवर वीतभर उंचीवर ओलीची रेघ होती. कणगीचा तळ काढून टाकलेला, त्यातलं भात कोंब फुटून वाया गेलं होतं. वरच्या साऱ्या वाडीचं पाणी माझ्या रस्त्यावरून घसरत येऊन, गटार संपल्यावर, सरळ त्यांच्या दारात उतरत होतं. दोन पावसाळे झाले, त्या एकट्या बादलीनं ते बाहेर काढत होत्या.

"माझा दिलीप मुंबईला असतो," काकी म्हणाल्या. "तो बोललाय, आये, यंदा घरात पाणी आलं तर गणपती झाल्यावर घराला कुलूप घालणार नि तुला घेऊन जाणार. मी नाय जायची म्हणते. पर पाण्याला कोण सांगणार, येऊ नको म्हणून?"

त्यांनी चहा दिला. मला लाज वाटली, आणि माझं असं आहे, लाज वाटली की मी चिडतो. रस्ता माझा, उतार माझा, मग ह्या बाईनं आपलं घर का सोडायचं?

साधा उपाय म्हणजे गटार लांबवायचं. पण काकींच्या घरापुढे दुसऱ्याचं भातखाचर होतं. म्हणजे पुढच्या वर्षी तिथून हाक आली असती, ए सायबा. मग मला ते प्रशिक्षण आठवलं. खात्यानं एकदा तीन दिवस बसवून आम्हांला पडद्यावर परदेशातल्या रस्त्यांकडेच्या फुलबागा दाखवल्या होत्या. पावसाचं पाणी गटारात न सोडता तिथल्या तिथे झाडांच्या खोलगट वाफ्यात जिरवायचं, असा विषय होता. जेवणात श्रीखंड असल्यामुळे दुपारनंतरचं मी फारसं ऐकलं नव्हतं. जे ऐकलं होतं, तेवढ्यावर हे काम उभं आहे.

सोपं करून सांगतो. पसरट परातीसारखा खड्डा घ्यायचा, कमरेइतका खोल. तळाला मोठे दगड, त्यावर कौलांचे नि विटांचे तुकडे, त्यावर वाळू, आणि सर्वांत वर पालापाचोळा मिसळलेली माती. त्या मातीत झाडं, आणि वर पाणी साचायला गुडघाभर मोकळी जागा. मुळं माती भुसभुशीत ठेवतात, म्हणून पाणी खाली उतरतं. झाडं नसतील तर दोन पावसांत वर गाळाची साय धरते आणि खड्ड्याचं डबकं होतं. काठाला एका बाजूनं खाच ठेवायची. कोकणातला पाऊस सगळाच्या सगळा पिणारा खड्डा अजून जन्मला नाही, म्हणून जास्तीचं पाणी त्या खाचेतून शहाण्यासारखं ओढ्याकडे जायला हवं. खड्ड्यातलं पाणी दिवसाच्या आत जिरलं पाहिजे, नाहीतर डास होतात. आणि हे सपाटीलाच करायचं. डोंगराच्या उतारावर पाणी मुरवायला गेलात तर दरड खाली बोलावाल. बोरकोंडाची जमीन सपाट आणि मुरमाड, शिवाय काकींच्या घराच्या पायापासून दूर, रस्त्याच्या वळणावर गावठाणाची पडीक जागा होती. तिथे हे जमणार होतं.

आमच्या वरिष्ठांनी माझ्या प्रस्तावाचा कागद उलटसुलट करून बघितला.

"खड्डे बुजवायचे प्रस्ताव रोज येतात हो. पाडायचा हा पहिलाच."

"शोषखड्डाच आहे साहेब. फक्त वर झाडं आहेत."

"झाडं आपल्या खात्यात नाहीत."

"मग गवत म्हणू."

"गवत तर अजिबात नाही."

शेवटी 'गटाराच्या तोंडाची दुरुस्ती' एवढ्या नावाखाली तोंडी होकार मिळाला. साहित्य मिळणार नाही, हेही तोंडीच सांगितलं. म्हणून वाडीतलं जुनं सामान आणि गावकऱ्यांचं श्रमदान, असा बेत ठरला.

पहिल्यांदा जमीन पाणी किती पिते ते बघावं लागतं. त्याची रीत अशी की हातभर खळगा काढायचा, त्यात बादलीभर पाणी ओतायचं आणि घड्याळ घेऊन बसायचं. एप्रिलच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधून मी खळग्याकडे टक लावून बसलो. थोड्या वेळानं मागे माणसं जमली. सरकारी माणूस एका जागी इतका वेळ बसलेला त्यांनी बघितला नव्हता. मी पाणाड्या आहे, असं ठरलं. एकानं नारळ आणला. एका आजोबांनी आपल्या जागेत बोअरला पाणी लागेल का ते विचारलं.

"आजोबा, मी पाणी शोधत नाही. घालवतोय."

"घालवतायस? एप्रिलात?" आजोबांनी हात जोडले आणि नारळ परत घेऊन गेले.

मग सामान. वाडीत बऱ्याच घरांवरची कौलं उतरून पत्रे चढले होते, त्यामुळे परसात कौलांचे ढीग पडलेले. 'तुमच्याकडचं जुनं, मोडकं, नको असलेलं घेऊन या,' असं मी सभेत सांगितलं. ही माझी चूक. कौलं आली, विटा आल्या, पडलेल्या बांधाचे दगड आले, आणि एकेक करून सात संडासांची भांडी आली. कुठल्यातरी जुन्या योजनेत वाटलेली, कधीच न बसवलेली, कोंबड्या अंड्यांवर बसवायला वापरलेली.

"फोडून तळाला टाका," सरपंच बबनदादा म्हणाले. उंच, सडपातळ माणूस, बोलणं हळू आणि निर्णय त्याहून हळू. "चिनीमाती हाय. कधी कुजायची नाय."

तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर होतं. ती आम्ही फोडली आणि सर्वांत खाली गाडली. ह्याची कुठेही नोंद नाही.

पाणी खड्ड्यात पडतं तिथे माती उखडू नये म्हणून सपाट, जड दगड लागतो. एकानं मोडकं जातं आणलं. मी खूश होऊन ते पायानं सरकवलं, तशी काकींनी मला असा आवाज दिला की मी दोन्ही पायांवर एकदम उभा राहिलो.

"जात्याला पाय लावतोस? तुझ्या आयेनं काय खाऊ घातलं तुला?"

मी माफी मागितली. काकींनी जातं धुतलं, हळदकुंकू वाहिलं, आणि स्वतःच्या हातांनी पाण्याच्या तोंडाशी मांडलं. वरून पाणी पडलेलं चालतं, पाय नको, असा त्यांचा निवाडा होता. मला तोवर लांब उभं केलं होतं.

परदेशी झाडांची नावं मला आठवत नव्हती आणि आठवली असती तरी इथे उगवली नसती. मी अळू, कर्दळ आणि वाळा लावला, कडेनं तेरडा टाकला. पाण्यात पाय सोडून मजेत राहणारी, आपल्या ओळखीची झाडं. जुलैत पाऊस लागला तेव्हा मी तीनदा मोटरसायकलनं भिजत जाऊन बघून आलो. पाणी रस्त्यावरून माजल्यासारखं यायचं, जात्यावर आपटायचं, खड्ड्यात शिरून निवायचं आणि सकाळपर्यंत खाली उतरायचं. काकींचं घर कोरडं होतं. अळूची पानं सुपाएवढी झाली. माझी बायको म्हणाली, दुसऱ्याच्या दारातल्या अळवाचं एवढं कौतुक मी पहिल्यांदाच बघते.

आता माझी दुसरी चूक. जन्म इथे गेला, केस इथे पिकले, तरी पंचांग बघायची बुद्धी मला झाली नाही. मी खड्ड्यात अळू लावला होता, आणि गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी असते. ऋषीच्या भाजीला अळू लागतो. एका सकाळी अख्खा अळू गेला. त्यानंतर गौरी आल्या. आमच्याकडे गौर तेरड्याची. तेरडा मुळासकट गेला. कर्दळीची पानं आरास करायला गेली. मी पोचलो तेव्हा माझा खड्डा मुंज झालेल्या बटूसारखा दिसत होता. राहिला होता तो वाळा, कारण तो उपटायला ताकद लागते.

मी भडकलो. माझा स्वभाव तापट आहे, आणि इथे कारणही होतं.

"सरकारी काम आहे हे!"

"मग?" एक बाई म्हणाली, "गवर काय खाजगी हाय?"

अळवाचे कांदे जमिनीतच आहेत, मुळं शाबूत आहेत, असं मनाला सांगत मी घरी आलो.

गौरीगणपतीच्या विसर्जनाच्या दिवशी दुपारपासून आभाळ फाटलं. बोरकोंडाचे गणपती दरवर्षी नदीवर जातात, पण नदी पात्र सोडून आली होती. बबनदादांनी नदीच्या घाटावर जायला बंदी केली. पुढचं मला नंतर कळलं. काकींचा दिलीप सणाला आला होता. पन्नाशीचा, मुंबईत कारखान्यात फिटर, मनानं चांगला पण घाईचा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या खाजगी गाडीची तिकिटं त्यानं काढून ठेवली होती. स्वतःचं, बायकोचं आणि आईचं. आईची ट्रंक दोरी बांधून ओटीवर तयार होती. एवढ्या पावसात घरात पाणी येणारच, असा त्याचा हिशेब होता. गणपती डोक्यावर घेऊन तो वळणावर उभा राहिला, तर समोर माझा खड्डा काठोकाठ भरलेला.

"नदीवर कशाला जायचं? हितं तळं झालंय!"

एकानं केलं की वाडी करते. आरत्या झाल्या, 'पुढच्या वर्षी लवकर या' झालं, आणि सहा गणपती माझ्या शोषखड्ड्यात विसर्जित झाले.

सकाळी बबनदादांचा फोन. नेहमीपेक्षाही हळू आवाजात.

"साहेब, जरा येता का? देव बसलेत."

मी धावतच गेलो. खड्ड्यात पाण्याचा थेंब नव्हता. ओल्या मातीवर, टकल्या अळवाच्या खुंटांमध्ये, सहा गणपती ओळीनं बसले होते. शाडूचे असते तर रात्रीत विरघळले असते. हे प्लास्टरचे, रंगसुद्धा उतरला नव्हता. एकाच्या मुकुटावर दूर्वा तशाच. आणि सगळ्यांची तोंडं काकींच्या दाराकडे. भोवती अख्खी वाडी उभी.

"तुमचा खड्डा फुटका हाय साहेब!" दिलीप ओरडला. "एक रात्र पाणी धरत नाय! देवाची काय दशा झाली बघा!"

"अरे, तो पाणी धरायला नाहीच आहे! जिरवायला आहे!"

"मग भरलेला कशाला दिसत होता?"

हा प्रश्न आमच्या प्रशिक्षणात कोणी विचारला नव्हता. माणसं चिडली होती, आणि त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. देवाची विटंबना झाली, असं दोघे म्हणाले. आजच्या आज बुजवून टाका, असं तिसरा म्हणाला. दोघांनी फावडी आणलीसुद्धा. बबनदादांनी माझ्याकडे बघितलं, मग गावाकडे बघितलं. त्यांची मान हळूहळू गावाकडे झुकायला लागली. मी आवाज चढवून जमिनीच्या थरांबद्दल बोलत होतो आणि माझं मलाच ऐकू येत नव्हतं. खड्डा बुजला की पहिल्या पावसात पाणी पुन्हा काकींच्या घरात जाणार, हे मला दिसत होतं. ओटीवरची ट्रंकही दिसत होती.

काकी काठी टेकत खाली आल्या. कोणाशी न बोलता खड्ड्याच्या काठावर उभ्या राहिल्या, गणपतींना नमस्कार केला आणि मग खुदकन हसल्या.

"पुढच्या वर्षी लवकर या बोललात ना? घ्या. लवकर आला."

मागून कोणीतरी फसकन हसलं. मग बायका हसल्या. फावडं धरलेला एक जण हसू दाबत मान वळवून उभा राहिला.

"दिलीप, हिकडं ये," काकी म्हणाल्या. त्यांनी त्याला हाताला धरून घराच्या उंबऱ्याशी नेलं. आम्ही सगळे मागे. उंबऱ्याबाहेर त्यांनी काल सकाळी काढलेली रांगोळी होती. एक ठिपका फिसकटला नव्हता. "काल किती पाऊस झाला?"

"लय झाला, आये."

"माझ्या घरात किती आला?"

दिलीप रांगोळीकडे बघायला लागला.

"बाप्पाला जायाला जेवढं पाणी लागतं, तेवढं त्या खड्ड्यानं माझ्या घरावरनं वळवून पोटात घेतलं. म्हणून बाप्पा तिकडं बसलाय नि मी हितं उभी हाय. बुजवायचा असंल तर आधी माझ्या घराला कुलूप घाला."

बबनदादांची मान परत फिरली. फावडी भिंतीला टेकली. नदी ओसरली होती. पुन्हा आरत्या झाल्या, सहाच्या सहा गणपती सन्मानानं नदीवर गेले. ह्या खेपेला 'लवकर या' म्हणताना सगळे जरा बिचकत होते.

मी निघणार, तोच दिलीप आईसमोर येऊन उभा राहिला. तो हट्टी होता, पण त्याच्या आवाजात काळजी होती.

"आये, ह्या वर्षी नाय आलं पाणी. पुढल्या वर्षी आलं तर? तू एकटी. मला तिकडं झोप लागत नाय पावसात. चल गो तू."

उत्तर दिलं ते त्यांच्या सुनेनं, स्मितानं. ती दाराला टेकून उभी होती.

"आई, खरं सांगू? ह्या जुलैमध्ये आमच्या चाळीत गुडघाभर पाणी होतं. दोन दिवस आम्ही दोघं पलंगावर बसून होतो. गॅस पण पलंगावरच. ह्यांनी तुम्हांला सांगू नको म्हटलं."

दिलीपनं मान खाली घातली. मला वाटलं, काकी आता रागावणार. त्यांनी फक्त त्याच्या दंडावर हात ठेवला.

"नि तू मला पाण्यातनं काढून तिकडं न्यायला आलेलास?"

तो पन्नाशीचा माणूस ट्रंकेवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी रस्त्याकडे बघत राहिलो. माझे डोळे कोरडे होते असं सांगितलं तर ते खोटं होईल.

दुपारच्या गाडीला तिकिटं तीन होती, माणसं दोन चढली. ट्रंक मात्र मुंबईला गेली. काकींनी तिच्यातली आपली लुगडी काढून दांडीवर टाकली आणि ट्रंक गच्च भरून घरचे तांदूळ दिले. डिकीत चढवताना मी हात लावला तर काकी ओरडल्या, "सांभाळून रे सायबा, कोरडे हायत ते. तिकडं पलंगावरच ठेव म्हणावं."